बाबासाहेबांचे १२५ रुपयांचे स्मारक नाणे: प्रूफ घ्यावे की यूएनसी, आणि प्रत कशी पारखावी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीनिमित्त केंद्र सरकारने काढलेली दोन नाणी, एक १२५ रुपयांचे चांदीमिश्रित आणि दुसरे रोजच्या चलनातले १० रुपयांचे, ६ डिसेंबर २०१५ रोजी महापरिनिर्वाणदिनी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झाली. त्यांपैकी १२५ रुपयांच्या नाण्याला मराठवाड्यात जेवढी मागणी आहे तेवढी माझ्या पाहण्यात दुसऱ्या कोणत्याही आधुनिक स्मारक नाण्याला नाही. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि जिथल्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे नाव जोडले गेले, त्या छत्रपती संभाजीनगरात हे नाणे संग्राहकांइतकेच शिक्षक घेतात, वकील घेतात, नोकरीला नुकतीच लागलेली मुले वडिलांना द्यायला घेतात. नामविस्तारदिनाला आणि १४ एप्रिलच्या आसपास पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत कोणीतरी नाण्यांचा ट्रे मांडून बसलेला असतो आणि त्याच्यापुढे गर्दी असते. मागणीच्या मुळाशी एवढी आस्था असली की माल निरखून घेण्याची सवय मागे पडते, आणि त्यामुळेच या नाण्याच्या सुमार प्रती उत्तम प्रतीच्या भावाने खपतात. म्हणून हे परीक्षण नाण्याचे आहे आणि त्याहून अधिक नाण्याच्या प्रतीचे आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. नाणे घेण्यासारखे आहे. शक्य असेल तर यूएनसीऐवजी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने ठसवलेले पण चलनात न गेलेले नाणे) प्रूफ, म्हणजे आरशासारख्या चमकीचे खास ठसवलेले नाणे, घ्यावे. आणि पैसे मोजायचे ते नाण्याच्या पृष्ठभागासाठी मोजावेत, मखमली डबीसाठी आणि सोबतच्या छापील पुस्तिकेसाठी नव्हे. डबी व पुस्तिका हव्यातच, कारण पुढे विकायची वेळ आली तर त्यांच्याशिवाय संच अपुरा ठरतो, परंतु डबी शाबूत आहे एवढ्यावरून आतले नाणे कोणत्या प्रतीचे आहे हे ठरत नाही.

नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम आणि कडेवर २०० दाते आहेत. धातूत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के, म्हणजे एका नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी आहे. हीच मापे आणि हाच मिश्रधातू आपल्याकडच्या अनेक स्मारक नाण्यांना वापरला गेला आहे: रिझर्व्ह बँकेच्या अमृतमहोत्सवाचे २०१० चे ७५ रुपयांचे नाणे, नांदेडच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल ते गुरू गोविंदसिंगजींच्या ३५०व्या प्रकाशपर्वाचे, १३ जानेवारी २०१९ रोजी प्रकाशित झालेले ३५० रुपयांचे नाणे, आणि नव्या संसद भवनाचे मे २०२३ मधले ७५ रुपयांचे नाणे, ही सारी याच साच्यातली. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्यांनाही लागू पडेल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे १००० रुपयांचे नाणे आकाराने व वजनाने असेच आहे, पण त्यात चांदी ८० टक्के असल्यामुळे त्याचा रंग अधिक पांढरा दिसतो, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर हा फरक सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतो.

दर्शनी बाजूला सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’, दोन्ही लिप्यांत देशाचे नाव आणि रुपयाच्या चिन्हासह किंमत आहे. मागच्या बाजूला मधोमध बाबासाहेबांची प्रतिमा आणि भोवती जयंतीचा मजकूर आहे. एवढ्या मोठ्या चकतीवर प्रतिमेभोवती मोकळी जागा बरीच राहते, आणि या नाण्याचे रूप त्या मोकळ्या जागेवर अवलंबून आहे असे माझे मत आहे. प्रूफ नाण्यात ती जागा आरशासारखी काळी चमकते आणि दुधी पांढरा चेहरा तिच्यातून वर उठून येतो. यूएनसी नाण्यात जमीन, म्हणजे ही मोकळी सपाट जागा, आणि चेहरा यांची चमक एकाच जातीची असल्यामुळे समोरून पाहताना चेहरा थोडा सपाट भासतो. नाणे हातात फिरवले की तो पुन्हा सजीव होतो. भिंतीवर किंवा कपाटात ठेवून लांबून पाहायचे असेल तर प्रूफ आणि यूएनसी यांतला हा फरक मोठा आहे.

हा फरक कशामुळे पडतो ते समजून घेतले तर पारख करणे सोपे जाते. प्रूफ नाण्यासाठी कोरी चकती आधी घासून-पुसून आरशासारखी केली जाते, डायची, म्हणजे ठसा मारणाऱ्या साच्याची, सपाट जमीनही तशीच चकचकीत करतात, आणि डायमधल्या आकृतीच्या भागावर बारीक खडबडीतपणा आणतात. मग अधिक दाबाने, संथपणे आणि एकाहून अधिक वेळा ठसा मारला जातो. डायवरचा तो खडबडीतपणा प्रत्येक ठशागणिक झिजत जातो, त्यामुळे डाय नवी असताना निघालेल्या नाण्यांवर चेहरा दाट पांढरा असतो आणि नंतरच्या नाण्यांवर तो पांढरेपणा उतरत जातो. एकाच नाण्याच्या दोन प्रूफ प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तर कधी कधी हा उतार स्पष्ट दिसतो. यूएनसी नाणे नेहमीच्या पद्धतीने ठसवलेले, पण चलनात न गेलेले नाणे असते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रूफ’ हे नाणे बनवण्याच्या पद्धतीचे नाव आहे, दर्जाचे नाही. प्रूफ नाणे कोणी उघड्या हाताने हाताळले, टेबलावर सरकवले, रुमालाने पुसले, तर ते प्रूफच राहते, पण त्याचा दर्जा घसरतो, आणि आरशासारख्या जमिनीमुळे तो घसरलेला दर्जा यूएनसी नाण्यापेक्षा जास्त उघडा पडतो.

आता प्रत्यक्ष पारख. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाणे कधीही पास करू नये. ट्यूबलाइटचा उजेड पसरट असतो आणि त्यात बारीक रेघा दडून जातात. एकच दिवा असावा, तो थोडा बाजूला असावा, आणि बाकीचा उजेड कमी असावा. नाणे कॅप्सूलमध्येच, म्हणजे ते ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोल आवरणात असते त्यातच, ठेवून, बोटे कडेवर धरून, ते हळूहळू तिरपे करत पूर्ण गोल फिरवावे. नाणे एका जागी धरून फक्त रोखून पाहण्यात अर्थ नाही, कारण केसासारख्या रेघा एका विशिष्ट कोनातच उजळतात आणि पुढच्या क्षणी नाहीशा होतात. रेघ दिसली की ती कॅप्सूलवरची आहे की नाण्यावरची, हे आधी ठरवावे: कॅप्सूल तिरपी केल्यावर रेघ नाण्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत सरकताना दिसली तर ती प्लॅस्टिकवर आहे, आणि अक्षरांना चिकटून राहिली तर ती नाण्यावर आहे.

नाण्यावरच्या रेघांचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला भेद न कळल्यामुळे चांगली नाणी नाकारली जातात व वाईट स्वीकारली जातात. डाय घासताना तिच्यावर जे ओरखडे पडतात ते नाण्यावर उठावाच्या रेघा म्हणून उमटतात. अशा रेघा आकृतीच्या किंवा अक्षरांच्या कडेशी येऊन थांबतात, कारण डायवर घासलेली असते ती जमीन. ही टांकसाळीतली नैसर्गिक खूण आहे आणि तिच्याने प्रत फारशी कमी होत नाही. याउलट नाण्यात खोल गेलेली रेघ अक्षरावरून, गालावरून, जमिनीवरून सलग ओढलेली दिसते. ती नंतर झालेली इजा आहे. अशा रेघा एकाच दिशेने, समांतर, जुडगाभर असतील तर कोणीतरी नाणे कापडाने पुसले आहे, हे नक्की समजावे. मग विक्रेता काहीही सांगो, ते नाणे पहिल्या प्रतीचे नाही.

यानंतर दहा पट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग हातात घ्यावे, पण ते सुरुवातीला घेऊ नये. आधी नुसत्या डोळ्यांनी नाणे एकंदर कसे दिसते हे ठरवावे, कारण भिंगाखाली जगातले कोणतेही नाणे सदोष दिसते. भिंगाने पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या बाजूला प्रतिमेचे सर्वांत उंच भाग, म्हणजे नाक, गाल आणि कपाळ. तिथे दाब कमी पडला असेल तर चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक राहतो, आणि नाणे घासले गेले असेल तर पहिला चमकदार ठिपका तिथेच उमटतो. दर्शनी बाजूला मधल्या सिंहाची आयाळ आणि छाती. ती धूसर असेल तर ठसा कमजोर आहे. मग किनार पूर्ण गोल फिरून पाहावी, कारण नाणी एकमेकांवर आपटल्याच्या खुणा किनारीवर लागतात आणि घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. शेवटी जमिनीवर ठसे पाहावेत. बोटाचा ठसा ताजा असताना तेलकट दिसतो, पण काही काळाने त्यातला घाम आणि आम्ल धातूत उतरते आणि तपकिरी रेषांची ती जाळी कायमची राहते. या मिश्रधातूत तांबे ४० टक्के असल्यामुळे ठशांचा व डागांचा त्रास शुद्ध चांदीपेक्षा जास्त होतो, आणि माझ्या अनुभवात बाद ठरवलेल्या नाण्यांपैकी बरीच नाणी ओरखड्यांपेक्षा डागांमुळेच बाद झालेली आहेत. ते डाग कोणाच्या हातून पडले हे ग्राहकाला कधीच कळत नाही. त्याने एवढेच पाहायचे की आज ते आहेत की नाहीत.

दर्जाच्या आकड्यांविषयी आता थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण स्लॅबमधली नाणी आपल्याकडेही दिसू लागली आहेत. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि पुढे तीच सर्व नाण्यांना लावण्यात आली. पीसीजीएस ही कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. दोन्ही अमेरिकी आहेत, दोन्ही नाणे तपासून, आकडा देऊन, सीलबंद प्लॅस्टिकच्या पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून परत करतात. चलनात न गेलेल्या नाण्याला एमएस (मिंट स्टेट) ६० ते एमएस ७० आणि चांगल्या अवस्थेतल्या प्रूफला ६० ते ७० असे आकडे मिळतात. प्रूफच्या आकड्यापुढे चेहऱ्याच्या पांढरेपणासाठी एनजीसी ‘अल्ट्रा कॅमिओ’ आणि पीसीजीएस ‘डीप कॅमिओ’ असे शेरे देते. ७० याचा एनजीसीने सांगितलेला अर्थ असा की, पाच पट मोठे करून पाहिल्यावर टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही दोष दिसत नाही. तो अर्थ नीट वाचला तर लक्षात येते की आकडा मुख्यतः नंतर झालेल्या इजेबद्दल बोलतो.

६९ आणि ७० यांतला फरक बहुतेक ग्राहकांना डोळ्यांनी दिसणार नाही, आणि त्या फरकासाठी मागितली जाणारी वाढीव किंमत या नाण्यासाठी मला पटत नाही. ६५ आणि ६९ यांतला फरक मात्र सरावाने नक्की दिसतो आणि त्यासाठी जास्त पैसे देण्यात गैर काही नाही. स्लॅबवर लिहिलेल्या दुर्मीळतेबद्दलही सावध राहावे. या कंपन्या कोणत्या नाण्याच्या कोणत्या दर्जाच्या किती प्रती तपासल्या याची संख्या प्रसिद्ध करतात, आणि ती संख्या लहान असली की विक्रेते ‘जगात एवढीच’ असे सांगतात. भारतीय आधुनिक नाण्यांच्या बाबतीत लहान संख्येचा अर्थ बहुधा एवढाच असतो की फारच थोड्या लोकांनी नाणे तपासायला पाठवले आहे. स्लॅब घ्यायचाच असेल तर त्यावरचा क्रमांक संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि मग पुन्हा दिव्याखाली नाणे स्वतः पाहावे. ‘जेम’, ‘सुपर यूएनसी’, ‘टॉप पीस’ असे शब्द पाकिटावर हाताने लिहिलेले असतील तर ते विक्रेत्याचे स्वतःचे मत समजावे. ते खरेही असू शकते, पण ते तपासून घेण्याची जबाबदारी आपली आहे.

आता या नाण्याचे आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे उजाळा. परभणीकडचे एक निवृत्त गुरुजी आपले नाणे दाखवायला घेऊन आले होते. त्यांनी ते संचासह घेतलेले, डबी कोऱ्यासारखी, पुस्तिकेला सुरकुती नाही. नाणे मात्र दोन्ही बाजूंनी एकसारखे झगमगत होते. चेहऱ्यावरचा दुधी पांढरेपणा पूर्ण गेलेला आणि जमिनीवर गोलाकार रेघांची दाट जाळी. “थोडं काळं पडायलं होतं सर, जयंतीच्या आधी ओळखीच्या सोनाराकडून उजाळून आणलं,” ते म्हणाले. त्यांनी ते प्रेमाने केले होते आणि सोनारानेही चांदीच्या पैंजणाला करतो तेच केले होते. पण पैंजणाचे उजाळ्याने काही बिघडत नाही, प्रूफ नाण्याचे सर्वस्व जाते. गुरुजींना मी तसे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग हे असंच राहू द्या आमच्या घरी, नातवासाठी एक चांगलं बघून द्या.” त्यांच्या नातवासाठी निवडलेले नाणे वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांतून गेलेले होते.

चिंच, लिंबू, रांगोळी, राख, दात घासायची पेस्ट, भांडी घासायची पावडर, यांपैकी काहीही या नाण्याला लागता कामा नये. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते, ते काळवंडणे म्हणजे पृष्ठभागावरचा अतिशय पातळ थर असतो आणि तो घासून काढताना चांदीही निघते. काळपट-सोनेरी छटा समान पसरलेली असेल तर जाणकार संग्राहक तिला दोषच मानत नाहीत. प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट, चिकट थर बसला असेल, तर तेवढ्यापुरते शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून काढणे हा मान्य उपाय आहे. पण तोही सरावलेल्या माणसाने, उघड्या हवेत, आगीपासून लांब करावा.

खोट्या नाण्यांची भीती लोकांना जेवढी वाटते तेवढी या नाण्याबाबत बाळगण्याचे कारण नाही, परंतु वजन करून घेण्यात कमीपणाही नाही. सराफ्यात कुठल्याही दुकानात शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो. वजन ३५ ग्रॅमच्या जवळ यावे. एक-दोन दशांश इकडे-तिकडे चालते. नेमक्या याच मापाची चकती चांदीशिवाय, तांबे-निकेलच्या नेहमीच्या नाण्यांच्या धातूची बनवली तर तिचे वजन ३३ ग्रॅमच्या आसपास भरेल, कारण तो धातू या मिश्रधातूपेक्षा हलका आहे. म्हणून व्यास आणि जाडी बरोबर असताना वजन दोन ग्रॅमने कमी भरले तर ते नाणे बाजूला ठेवावे. लोहचुंबकाची परीक्षा इथे अपुरी आहे: अस्सल नाणे चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण तांबे-निकेलची नक्कलही चिकटत नाही, चुंबकाने पकडले जाते ते फक्त लोखंडी किंवा पोलादी बनावट नाणे. पाण्यात बुडवून घनता काढण्याची पद्धत प्रूफवर करू नये, कारण वाळताना राहिलेला एक थेंबही आरशावर डाग ठेवून जातो. सोन्याचा मुलामा दिलेली आणि रंगीत छपाई केलेली नाणीही बाजारात आहेत. नाण्यावर नंतर चढवलेला मुलामा म्हणजे बिघडवलेले नाणे, आणि त्याला जास्त किंमत देण्याऐवजी कमी द्यावी.

घ्यावे कुठे? नाणे प्रकाशित होते त्या वेळी भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण महामंडळाच्या टांकसाळी अशा संचांची आगाऊ मागणी घेतात, आणि पुढच्या स्मारक नाण्यांसाठी तोच मार्ग सर्वांत चांगला. या नाण्याची वेळ होऊन गेली आहे, त्यामुळे ते दुसऱ्या हाताकडूनच घ्यावे लागते. छत्रपती संभाजीनगरात सराफा आणि गुलमंडीच्या परिसरात जुनी नाणी ठेवणारे थोडे लोक आहेत. त्यांतल्या ज्या वृद्ध दुकानदारांकडे मी जातो ते कॅप्सूल स्वतः खिडकीपाशी नेऊन ग्राहकाच्या हातात देतात आणि दोष आधी दाखवतात. दुकान लहान आहे, माल मोजका आहे, किंमत शहरातली सर्वांत कमी नाही, पण दोष आधी दाखवणाऱ्या माणसाला दोन पैसे जास्त देणे मला योग्य वाटते. याउलट एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने कॅप्सूल हातात घेऊ द्यायलाच नकार दिला आणि ‘सीलबंद आहे, उघडले की किंमत जाईल’ असे कारण सांगितले. कॅप्सूल उघडायला कोणी सांगतच नव्हते. दिव्याखाली फिरवून पाहू देत नसेल तर तिथून निघावे.

कुरिअरने मागवायचे असेल तर एक स्थिर छायाचित्र पुरेसे धरू नये. नाणे दिव्याखाली तिरपे करत फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागावा, वजनकाट्यावर ठेवलेले नाणे दाखवायला सांगावे आणि परत घेण्याची अट आधी लिहून घ्यावी. दुसऱ्या बाजूने, जुनी नाणी लाखोंना विकत घेतो असे सांगून आधी ‘शुल्क’ किंवा ‘कमिशन’ मागणाऱ्यांपासून लांब राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे पैसे मागितले जात असल्याबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे.

साठवणुकीबाबत आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे शिरते, आणि पावसाळ्यात तीच कोरडी हवा ओलसर होते. नाणे ४४ मिलिमीटरच्या घट्ट बसणाऱ्या कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल डबीत, आणि डबी सिलिका जेलच्या पुडीसह लोखंडी कपाटात ठेवावी. पावसाळ्यापूर्वी पुडी बदलावी. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटे, रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद आणि डांबराच्या गोळ्या नाण्याच्या आसपास नसाव्यात. अनेक घरांत हे नाणे बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी चौकटीत लावलेले असते, आणि ती इच्छा मला पूर्णपणे समजते. मात्र चौकट करणारे नाणे गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवतात. त्यांना कॅप्सूल बसेल एवढी गोल खाच कापायला सांगावे, म्हणजे नाणे दिसतेही आणि सुरक्षितही राहते.

शेवटी संचातल्या दुसऱ्या नाण्याबद्दल, ज्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. १० रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आणि द्विधातूचे आहे. ते चलनात आल्यामुळे पिशव्यांतून, गल्ल्यांतून, खिशांतून फिरले, एकमेकांवर आपटले, आणि त्यामुळे त्याची निर्दोष प्रत मिळवणे १२५ रुपयांच्या नाण्यापेक्षा कठीण आहे. १२५ चे प्रत्येक नाणे जपण्यासाठीच घेतले गेले, १० चे नाणे खर्चण्यासाठी. १९९० सालच्या एक रुपयाच्या आंबेडकर जन्मशताब्दी नाण्याची गोष्ट तर याहून पुढची: ते भरपूर दिसते, पण कपाळावर आणि गालावर झीज नसलेले, मूळ झळाळी टिकलेले नाणे मिळायला चिकाटी लागते, आणि त्याची किंमत अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. चलनातल्या नाण्यांवर सालाजवळ टांकसाळीची खूण पाहावी: मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, नोएडाचा गोल ठिपका, हैदराबादचा तारा, आणि कोलकात्याला खूण नाही, मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी रोमन ‘बी’ आणि नंतर ‘एम’ हे अक्षर येते. हैदराबादचा तारा पाहताना मला नेहमी जाणवते की १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि आपल्या आजोबांच्या हातातला हाली सिक्का त्या शहराच्या टांकसाळीतच पडत होता.

दहाच्या नाण्यासाठी दुकानाची गरज नाही. मध्यंतरी अनेक ठिकाणी दुकानदार दहाची नाणी घ्यायला का-कू करत होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही रचनांची नाणी वैध असल्याचे स्पष्ट केले होते. तरीही ज्यांनी ती नाकारली जाण्याच्या भीतीने घरातल्या डब्यात टाकून ठेवली, त्यांच्या डब्यांत आजही हाताळली न गेलेली नाणी सापडतात. बँकेतून दहाची नाणी मिळाली तर घरी टेबलावर मऊ कापड अंथरून, एकेक नाणे कडेने धरून, त्याच एका दिव्याखाली पाहावे: आधी बाहेरच्या पिवळ्या कड्यावरचे घाव, मग आतली चकती कड्यात मधोमध बसली आहे की नाही, मग चेहरा. चांगले दिसले की लगेच कॅप्सूलमध्ये घालावे, आणि बाकीची भाजीच्या बाजारात चालवावीत.